निवळीचा हिशेब: सहकारी दूध संघांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सहकारी दूध संघांचे अध्यक्ष आणि संचालक यांस

विषय: पनीर-चक्क्याच्या निवळीवर यीस्ट वाढवून लॅक्टेज हे विकर तयार करणे

पनीरसाठी दूध फाडले किंवा चक्क्यासाठी दही बांधून टांगले, की खाली हिरवट पिवळे पाणी गळते. घरात त्याला निवळी म्हणतात, डेअरीत व्हे. घरातली वाटीभर निवळी कणकेत नाहीतर आमटीत जिरते. प्लँटमधली निवळी हजारो लिटरने निघते आणि तिला पुरेल एवढी परात कुठेच नसते. म्हशीच्या दहा लिटर दुधातून साधारण दोन किलो पनीर हाती येते. आठ लिटरच्या आसपास निवळी उरते.

निवळीत ९३ ते ९४ टक्के पाणी असते. उरलेल्यात साडेचार ते पाच टक्के लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. एक टक्क्याहून कमी प्रथिने. थोडे क्षार आणि चुकून राहिलेला स्निग्धांश. हे आकडे लहान दिसतात, पण ते संकलन केंद्रावरच्या हिशेबाशी ताडून पाहावेत. दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेल्या घनपदार्थांवर ठरतो. एसएनएफमध्ये साधारण निम्मा वाटा लॅक्टोजचा असतो. पनीरच्या लादीत त्यातले फारच थोडे अडकते, बाकीचे निवळीबरोबर वाहून जाते. ज्या घटकाचे पैसे संघाने सकाळी शेतकऱ्याला दिले, तोच घटक दुपारी गटाराच्या वाटेला लागतो.

आणि ती वाट फुकटची नाही. पाण्यातले सेंद्रिय द्रव्य कुजवायला जीवाणूंना जेवढा प्राणवायू लागतो, त्या मापाला बीओडी म्हणतात. शहराच्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो, निवळीचा ३०,००० ते ५०,०००. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण मर्यादेनुसार नदीनाल्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी ३० च्या वर आणि शेतीला द्यायच्या पाण्याचा १०० च्या वर जाता कामा नये. रोज १०,००० लिटर निवळी सोडणे म्हणजे सात-आठ हजार वस्तीच्या गावाचे सांडपाणी सोडण्यासारखे आहे. या भाराचा बहुतेक हिस्सा पुन्हा लॅक्टोजचाच.

हे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राच्या, म्हणजे ईटीपीच्या, टाकीत प्रत्यक्षात काय घडते, हे जरा बारकाईने पाहण्याजोगे आहे. ब्लोअरने हवा सोडली जाते, त्या हवेवर हजार जातींचे जीवाणू वाढतात, लॅक्टोज खातात, आणि त्यांच्या देहांचा गाळ तळाशी बसतो. तो गाळ उपसून, वाळवून, कुठेतरी टाकून द्यावा लागतो. यीस्टच्या फर्मेंटरमध्येही हेच घडते: हवा, साखर, वाढणारे सूक्ष्मजीव आणि शेवटी त्यांचे देह. फरक एवढाच, की फर्मेंटरमध्ये कोण वाढणार हे आधी ठरवलेले असते आणि वाढलेल्या देहांना किंमत असते. ईटीपी हा एका अर्थाने बेवारस फर्मेंटरच आहे आणि त्याचे वीजबिल संघ नियमित भरतो.

यीस्ट ही गोष्ट कोल्हापूर-सांगलीच्या साखरपट्ट्यात नवीन नाही. कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमध्ये मळीवर वाढते ते आणि पाव फुगवते तेही एकाच जातीचे यीस्ट आहे: सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी. पण निवळीत टाकले तर ते उपाशी राहते. लॅक्टोज हा ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या शर्करांचा जोड आहे. तो पेशीच्या आत ओढून घेणारे प्रथिन या यीस्टकडे नाही, आणि आत गेलाच तर तो तोडणारे विकरही नाही. डिस्टिलरीच्या अनुभवावर विसंबून निवळीचा प्रयोग करणारा इथेच फसतो.

लॅक्टोजवर जगणारी यीस्टे वेगळी. त्यांतली दोन महत्त्वाची: क्लुव्हेरोमायसिस लॅक्टिस आणि क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस. वंशाचे नाव नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आल्बर्ट क्लुव्हर यांच्यावरून आले. मार्क्सियानसचा मात्र कार्ल मार्क्सशी काही संबंध नाही. ते मार्क्स दुसरे. लॅक्टिसच्या गुणसूत्रावर दोन जनुके शेजारी शेजारी बसलेली आहेत. एक लॅक्टोज आत घेणारे प्रथिन बनवते, दुसरे तो तोडणारे विकर. भोवती लॅक्टोज किंवा गॅलॅक्टोज असेल तेव्हाच ही जोडी जोमाने कामाला लागते. त्यामुळे निवळी या यीस्टचे अन्नही आहे आणि विकर बनवण्याचा हुकूमही. ग्लुकोजवर वाढवलेल्या त्याच यीस्टमध्ये हे विकर नगण्य सापडते. कच्चा माल फुकट मिळतो म्हणून निवळी वापरायची, असा हा मामला नाही. या कामाला तीच योग्य आहे.

लॅक्टोज तोडणाऱ्या या विकराचे नाव लॅक्टेज. विकर म्हणजे एन्झाइम: जिवंत पेशीने बनवलेले, रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे आणि त्या क्रियेत स्वतः न संपणारे प्रथिन. एन्झाइम हा शब्द जर्मन शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी १८७० च्या दशकात ग्रीकमधून घडवला. त्याचा अर्थच ‘यीस्टमध्ये’ असा होतो. पुढे १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलून त्याचा रस काढला आणि एकही जिवंत पेशी नसलेला तो रस साखरेची दारू करतो हे दाखवले. १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळाले. पेशी फोडून आतले विकर बाहेर काढायचे, ही आजच्या लॅक्टेज कारखान्यातली कृती म्हणजे बुखनर यांच्या खलाचीच मोठी आवृत्ती.

लॅक्टेजचा उपयोग दूध संघाच्या दारातच आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात हे विकर भरपूर असते. मोठेपणी जगातल्या बहुसंख्य माणसांत ते कमी होते. न तुटलेला लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातो, तिथले जीवाणू तो आंबवतात, आणि मग पोट फुगणे, गुरगुरणे, जुलाब. ‘दूध सोसत नाही’ अशी तक्रार करणारे गिऱ्हाईक दही-ताक आनंदाने घेते, कारण विरजणाच्या जीवाणूंनी लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवलेला असतो. दुधातच लॅक्टेज घालून ठेवले तर हे गिऱ्हाईक दुधाकडे परत येते. लॅक्टोजमुक्त दूध भारतात आता पाकिटांतून मिळते, आणि ते बनवायला लागणारे मुख्य द्रव्य हे विकरच.

दुसरा उपयोग आइस्क्रीम आणि आटीव दुधात. लॅक्टोज पाण्यात फारसा विरघळत नाही. थंड, दाट पदार्थात त्याचे खडे धरतात आणि जिभेला वाळूसारखे लागतात. आधीच तोडलेला लॅक्टोज असे खडे धरत नाही. तिसरा उपयोग खुद्द निवळीवर. लॅक्टोजची गोडी उसाच्या साखरेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी असते. तो तुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज झाला की गोडी कितीतरी वाढते, आणि निवळी आटवून बनवलेला पाक मिठाई, बेकरी व आइस्क्रीममध्ये साखरेचा काही भाग वाचवतो.

आता कृती. ताजी निवळी आधी गाळून, विभाजकातून काढून तिच्यातला स्निग्धांश वेगळा करतात. मग प्रथिने काढायची. तापवून आणि आम्ल घालून ती साकळवता येतात. अतिसूक्ष्म गाळणी असेल तर न तापवता वेगळी होतात आणि त्यांची भुकटी दराने चांगली जाते. गाळणीखाली उतरते ते लॅक्टोज आणि क्षारांचे पाणी, आणि यीस्टला तेच हवे असते. त्यात नत्र कमी असते, म्हणून अमोनियम सल्फेटसारखा नत्रक्षार, थोडे फॉस्फेट आणि यीस्टचा अर्क घालतात. हे सारे निर्जंतुक करून फर्मेंटरमध्ये घेतले की यीस्टचे विरजण सोडायचे.

पीएच साडेचार ते साडेपाच ठेवला तर यीस्ट खूश राहते आणि बरेच उपद्रवी जीवाणू मागे पडतात. लॅक्टिसला ३० अंशांच्या आसपास तापमान मानवते. मार्क्सियानस ४० च्या वरही दमदार वाढते, आणि आपल्याकडे हा गुण सोन्याचा आहे. हवेवर वाढणारे यीस्ट उष्णता टाकते. सोलापूर किंवा जळगावच्या मे महिन्यात ३० अंशांवर टाकी धरून ठेवायची तर चिलर सतत चालवावा लागेल. ४० अंशांवर कूलिंग टॉवरच्या पाण्यावर बरेच भागते.

हवेचे गणित सर्वांत नाजूक. पावाचे यीस्ट साखर भरपूर दिसली की हवा असतानाही दारू बनवत बसते. क्लुव्हेरोमायसिसची ही दोन यीस्टे तशी नाहीत. पुरेसा प्राणवायू मिळाला तर ती साखर श्वसनात आणि वाढीत घालवतात. हवा तोकडी पडली की मात्र त्यांचाही तोल जातो. टाकीतून दारूचा वास येऊ लागला तर समजावे, की लॅक्टोज भलतीकडे चालला आहे आणि ब्लोअर किंवा ढवळणी कमी पडते आहे. नीट चालवलेल्या बॅचमध्ये बारा ते चोवीस तासांत लॅक्टोज संपतो आणि त्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आतबाहेर कोरडे यीस्ट मिळते. १०,००० लिटर निवळीत साधारण ४५० किलो लॅक्टोज असतो. म्हणजे हिशेब दोनशे किलो यीस्टपर्यंत जातो. हा आकडा उत्तम परिस्थितीतला आहे, अंदाजपत्रकात तो जसाच्या तसा घेऊ नये.

लॅक्टेज पेशीच्या आत असते, आणि खर्चाचे मूळ तिथे आहे. यीस्ट सेंट्रिफ्यूजने गोळा करून, धुऊन, उच्च दाबाच्या होमोजिनायझरमधून किंवा काचेच्या बारीक मण्यांच्या चक्कीतून काढतात. दुधाच्या होमोजिनायझरला सरावलेल्या माणसाला हे यंत्र परके वाटणार नाही. दाब मात्र बराच जास्त लागतो आणि माल थंड ठेवावा लागतो. फुटलेल्या पेशींचे कवच वेगळे करून रस गाळतात, घट्ट करतात आणि ग्लिसरॉल घालून थंडीत साठवतात. विकर नाजूक असते: काम ३५ ते ४० अंशांवर चांगले करते, ५० च्या पुढे लवकर मरते.

इथे एक फरक प्रत्येक संघाने आधीच ध्यानात घ्यायला हवा, कारण त्यावर पुष्कळ पैसे वाचतात किंवा बुडतात. यीस्टच्या लॅक्टेजला पीएच साडेसहा ते सात लागतो. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम त्याला पोषक, कॅल्शियम मारक. दुधात ते उत्तम चालते. चक्क्याची निवळी आंबट असते, पीएच साडेचारच्या जवळ, आणि आम्लामुळे दह्यातले कॅल्शियम सुटून तिच्यात उतरलेले असते. त्या निवळीत हे विकर टाकून गोड पाक करू पाहणे म्हणजे पैसे पाण्यात. तिथे ॲस्परजिलस या बुरशीचे, आम्लात काम करणारे लॅक्टेज लागते. पण तीच आंबट निवळी यीस्ट वाढवायला बिनतक्रार चालते, कारण जिवंत यीस्टला आंबटपणा आवडतो आणि आपल्या पेशीच्या आतला पीएच ते स्वतः सांभाळते. म्हणून वाटणी अशी पडते: श्रीखंडाच्या निवळीवर यीस्ट वाढवावे आणि त्यातून निघालेले विकर दुधात वापरावे. पनीरची निवळी या दोहोंच्या मधली असते. तिचा पीएच साडेपाचच्या आसपास राहतो. चीजच्या मीठ लावल्यानंतर गळणाऱ्या खारट निवळीचा नळ मात्र पहिल्यापासून वेगळा ठेवावा.

निवळीवरच्या यीस्टचा धंदा परदेशात जुना आहे. फ्रान्समध्ये बेल या चीज कंपनीने १९५८ पासून निवळीवर मार्क्सियानस वाढवून खाद्य यीस्ट काढले. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या कार्बरी डेअरीने १९७८ मध्ये त्याच यीस्टने निवळीची दारू करायला सुरुवात केली. लॅक्टिसचे लॅक्टेज बाजारात आणण्यात डेल्फ्टच्या गिस्ट-ब्रोकेड्स कंपनीचा मोठा हात. यीस्टच्या अभ्यासाची परंपरा आणि यीस्टचा कारखाना एकाच गावात नांदत होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याच कंपनीने लॅक्टिसकडून आणखी एक काम करून घेतले. चीजसाठी दूध साकळवणारे रेनेट पूर्वी दूधपित्या वासराच्या जठरातून काढत. त्यातले मुख्य विकर कायमोसिन. वासराच्या कायमोसिनचे जनुक लॅक्टिसमध्ये घातले, आणि त्याच्यापुढे यीस्टच्या स्वतःच्या लॅक्टेज जनुकाची नियंत्रक कळ जोडली. ते यीस्ट वासराचे विकर बनवून पेशीबाहेर सोडू लागले. फोडाफोडीची गरजच उरली नाही. भारतात चीजला प्राणिज रेनेट चालत नाही, त्यामुळे अशा विकरांचे महत्त्व इथे अधिक. मात्र जनुकबदल केलेल्या यीस्टला अशा सूक्ष्मजीवांसाठीच्या १९८९ च्या नियमांखाली वेगळ्या परवानग्या लागतात. साध्या लॅक्टेजसाठी जनुकबदल लागत नाही. निसर्गातले यीस्ट ते मुळातच बनवते.

हीच रीत इतर कचऱ्यांनाही लागू पडते, फक्त यीस्ट आणि विकर बदलते. तेलकट सांडपाण्यावर यारोविया लिपोलिटिका वाढते आणि चरबी तोडणारे लायपेज देते. फळांच्या गरावर मार्क्सियानसच पेक्टिनेज बनवते, जे रस निवळायला वापरतात. रत्नागिरीच्या आंबा कॅनिंगच्या साली आणि नाशिकच्या वायनरीतला द्राक्षांचा चोथा हा त्या दृष्टीने कच्चा माल आहे. पण तो हंगामी, ओला आणि विखुरलेला. निवळी वर्षभर, एका छताखाली, नळातून येते. म्हणून सुरुवात तिच्यापासून करणे शहाणपणाचे.

प्रत्येक संघाने आपापला विकर कारखाना उभारावा, असा या पत्राचा आग्रह नाही. तसे करणे चूक ठरेल. लॅक्टेजच्या बाजारात बड्या परदेशी कंपन्या दशकानुदशके निवडलेल्या वाणांसह बसल्या आहेत. दराच्या शर्यतीत नवा लहान प्लँट त्यांच्यापुढे टिकणार नाही. टिकायचे असेल तर पहिले गिऱ्हाईक संघ स्वतःच असले पाहिजेत: त्यांचे लॅक्टोजमुक्त दूध, त्यांचे आइस्क्रीम. आणि प्लँट चार-पाच संघांचा मिळून एकच असावा. निवळी लांब वाहून नेणे परवडत नाही, कारण नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच वाहावे लागते. पण प्रत्येक संघाने आपल्या आवारात यीस्ट वाढवून फक्त सेंट्रिफ्यूजने घट्ट केलेले यीस्ट सामाईक प्लँटला पाठवले तर टँकरच्या जागी लहान थंड गाडी पुरते. फोडणे, गाळणे, विकराची ताकद मोजणे आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या अटी सांभाळणे ही कौशल्याची कामे एका ठिकाणी होतात. विकर जमले नाही त्या दिवशीही यीस्ट वाया जात नाही. वाळवून ते पशुखाद्यात जाते, आणि पशुखाद्याचे कारखाने काही संघांकडे आहेतच.

एक भ्रम मात्र नको. यीस्ट काढून घेतल्यावर उरलेले पाणी स्वच्छ नसते. भार मोठ्या प्रमाणात उतरतो, पण ३० च्या मर्यादेपासून ते तेव्हाही लांब असते. ईटीपी राहणारच, फक्त तो दमछाक न होता चालेल.

वाण शोधायला दूर जावे लागत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथून यीस्टचे वाण मिळतात. दुग्धतंत्राचे ज्ञान कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत आहे, विकरे वेगळी काढण्याचे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत.

त्याआधी एक बिनखर्चाचे काम आहे. सलग सात दिवस, प्रत्येक पाळीत, प्रत्येक नळाखाली निघणारी निवळी मोजावी: किती लिटर, पीएच किती, लॅक्टोज किती, मीठ आहे का, आणि निघाल्यापासून किती तासांनी ती आंबते. हे आकडे दूध तपासणारी कोणतीही प्रयोगशाळा देऊ शकते. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे जो अहवाल जाईल, त्यात संकलित दूध आणि विकलेले पनीर या आकड्यांखाली आणखी एक ओळ घालावी: वर्षभरात निघालेली निवळी इतके लिटर, त्यातला लॅक्टोज इतके किलो, आणि तो गेला कुठे.

कळावे.